वस्तऱ्याचा आणि वस्त्राचा काही संबंध आहे का?

निनाद_कोथरूड
आजोबांची ट्रंक रिकामी करताना तळाशी एक वस्तरा सापडला. काळी मूठ, त्यात पातं मिटतं. पात्याच्या शेपटीवर बारीक इंग्रजी अक्षरांत 'झोलिंगेन, जर्मनी' आणि शेजारी ५/८ असं कोरलंय. व्हिडिओ बघायला बसलो तर कोणी याला स्ट्रेट रेझर म्हणतं, कोणी कट-थ्रोट, कोणी शेवेट. एकाच वस्तूची नावं आहेत का ही? आणि आपला 'वस्तरा' कुठून आला? आई म्हणते, दाढी करताना गळ्याभोवती वस्त्र गुंडाळतात त्यावरून. मला काही पटलं नाही. ते ५/८ काय प्रकरण आहे तेही कोणी सांगा.

सुलभाताई
वस्त्र नव्हे हो, शस्त्र! शस्त्राचा अपभ्रंश असणार. गळ्यापाशी येतं ते शस्त्रच.

धोकटी
आयडीवरून ओळखलं असेलच (धोकटी म्हणजे न्हाव्याची हत्यारांची पिशवी), घरचा विषय आहे. वडील वाईजवळच्या एका गावात न्हावकी करायचे. आधी बलुत्यावर, मग एसटी स्टँडसमोर पत्र्याच्या टपरीत.

ताई, शस्त्रही नाही आणि वस्त्रही नाही. शब्द फारसी आहे, उस्तुरा. फारसीत 'सुतुर्दन' म्हणजे भादरणं, खरवडून काढणं, त्याच कुळातला. हिंदीत तो उस्तरा झाला, तुर्कीत अजून उस्तुराच आहे, गुजरातीत अस्त्रो (म्हणजे तुमच्यासारखा गैरसमज तिकडे जास्तच होत असेल). मराठीने सुरुवातीच्या 'उ'चा 'व' केला. तालमीतला वस्ताद आठवा, तोही मूळचा उस्ताद. उस्ताद-वस्ताद, उस्तरा-वस्तरा, दोन्ही एकाच गिरणीत दळलेले.

फारसी शब्द यायच्या आधी संस्कृतात 'क्षुर' होता. कठोपनिषदात 'क्षुरस्य धारा निशिता दुरत्यया' म्हटलंय, ती वस्तऱ्याचीच धार. बंगाली माणूस आजही खुर म्हणतो. आपल्याकडे क्षुर गेला, पण क्षौर राहिलं. आमच्या गावात भटजींचं 'क्षौर' व्हायचं, गुरुजींची 'दाढी' व्हायची आणि बाकी सगळे 'डोई करायला' बसायचे. वस्तरा तिघांना एकच. त्याच क्षुराचं धाकटं रूप छुरी, आणि ती आपल्या स्वयंपाकघरात सुरी होऊन बसली आहे.

हजामत मात्र अरबी. अरबीत हज्जाम म्हणजे तुंबडी लावून रक्त काढणारा. शाळेत एक मास्तर मला 'ए हजामा' अशी हाक मारायचे. खरा अर्थ कॉलेजात गेल्यावर कळला. आजोबा खरोखर तुंबड्या लावायचे, म्हणजे शब्दात चूक नव्हती. मास्तरांच्या आवाजात होती.

इंग्रजीचं सांगायचं तर पूर्वी ते नुसतं रेझर होतं. जिलेटला १९०४ मध्ये सेफ्टी रेझरचं पेटंट मिळालं, ते मशीन घरोघर गेलं, आणि मग जुन्याला वेगळं नाव लागायला लागलं. अमेरिकन माणसाने त्याला 'स्ट्रेट' म्हणजे सरळ म्हटलं, इंग्रजाने 'गळाकापू'. फ्रेंच त्याला कोबी कापायची सुरी म्हणतात, कूप-शू. आपल्याला हा त्रास पडलाच नाही. वस्तरा वस्तराच राहिला, नवीन आलं त्याला आपण 'मशीन' म्हटलं.

आता ५/८. ही पात्याची रुंदी, पाठीपासून धारेपर्यंत, इंचात. सोळा मिलिमीटरच्या आसपास. झोलिंगेन हे जर्मनीतलं पात्यांचं गाव. वडिलांच्या तोंडी 'झोलिंगेन' कधी आलं नाही, ते 'जर्मन' म्हणायचे. "जर्मन काढ" म्हटलं की मी धोकटीतून बरोबर तोच वस्तरा काढायचो. धोकटीत कात्री, चिमटा, नराणी, वाटी, आरसा असं बाकीचंही सगळं असायचं, पण जर्मन फडक्यात गुंडाळलेला असे.

त्याचं पातं दोन्ही अंगांनी खोलगट घासलेलं असतं, म्हणून धारेपाशी कागदासारखं पातळ. वाढलेल्या दाढीवर चालताना ते बारीक किरकिरतं, आणि त्या आवाजावरून वडिलांना कळायचं की पाजवायची वेळ झाली. पाठ जाड ठेवण्यामागे कारण आहे. दगडावर पाठ आणि धार दोन्ही टेकवायची, कोन आपोआप मिळतो, हाताने धरावा लागत नाही. दगडावर धार पुढे. चामड्याच्या पट्ट्यावर उलट, पाठ पुढे आणि धार मागून फरफटत. मी नऊ-दहा वर्षांचा असताना हे विसरलो आणि पट्ट्याला बोटभर चीर पाडली. वडील काही बोलले नाहीत. पट्टा तेवढा उलटा टांगला, आणि पुढे वर्षभर मला फक्त साबण फेसायला दिला.

निजामाबादकर
वा! इकडे तेलुगूत 'मंगली कत्ती' म्हणतात, सरळ न्हाव्याची सुरी. एक गंमत सांगतो, हिंदीवाले माकडाच्या हातात उस्तरा देतात, आपण कोलीत देतो. आपलं माकड निदान दाढीच्या भानगडीत पडत नाही.

निनाद_कोथरूड
धोकटी, मनापासून धन्यवाद. आईला वाचून दाखवलं, ती वस्त्रावर अजून ठाम आहे. मग शेवेट म्हणजे काय? आणि मी हा आजोबांचा वापरला तर चालेल का?

धोकटी
शेवेट म्हणजे सलूनमध्ये दिसतो तो. दिसायला वस्तराच, पण आत दुहेरी धारेचं ब्लेड मधोमध मोडून अर्धं घालतात, आणि गिऱ्हाईक उठलं की फेकतात. एड्स आणि काविळीच्या भीतीने लोक खुर्चीत बसायच्या आधीच "ब्लेड नवं आहे ना?" विचारायला लागले, आणि त्यांचं बरोबरच होतं. वडिलांनीही घेतला. पण त्याला वस्तरा म्हणाले नाहीत कधी. 'पत्तीची दांडी' म्हणायचे. पाजवायची नसेल तर त्यांच्या हिशेबी तो वस्तरा नव्हे. माझं मतही तेच आहे, सलूनवाल्या भावांनी रागावू नये.

तुमच्यासाठी: आधी उजेडात धरून धारेवर चीर किंवा गंजाची खळी दिसते का बघा. दिसली तर शोकेसमध्ये ठेवा. नसेल तर शिलाई मशीनचं तेल लावून पुसा, आणि जाणत्या माणसाकडून पाजवून घेतल्याशिवाय गालाला लावू नका. इतकी वर्षं पडून असलेला वस्तरा कापत नाही, ओरबाडतो. पाठीचा जवळून फोटो टाकता का?

निनाद_कोथरूड
टाकला. चीर नाही. पाठ दोन्हीकडून चपटी झालीय, पण एका बाजूला बरीच जास्त.

धोकटी
मग आजोबा घरी स्वतःच पाजवत होते. आमच्यातल्या माणसाच्या हातून दोन्ही बाजू सारख्या झिजतात.