इंदूरहून पुण्याला जाताना जुन्या रस्त्याचा आग्रह कितपत शहाणपणाचा?

सुदामानगरकर :

नमस्कार. डिसेंबरच्या अखेरीस एका लग्नासाठी आम्हांला इंदूरहून पुण्याला मोटारीने जायचे आहे. बरोबर आई-बाबा असतील, गाडी छोटी आहे आणि घाई अजिबात नाही, कारण वाटेत एक मुक्काम करायचे आधीच ठरले आहे. नेहमीचा मार्ग सर्वांना ठाऊक आहेच : राऊ, मानपूर, खलघाट, सेंधवा, शिरपूर, धुळे आणि पुढे मालेगाव, मनमाड, शिर्डीवरून पुणे. बाबांचे म्हणणे असे की आग्रा-मुंबई रस्ता दुपदरी होता तेव्हा ठीकरी, जुलवानिया ही गावे दुकानांच्या पाट्यांसकट ओळखीची होती. आता ती हिरव्या फलकावरच्या बाणापुरती उरली आहेत. या वेळी जमेल तितके जुन्या रस्त्यानेच जायचे, असा त्यांचा हट्ट आहे.

माझ्या दोन शंका आहेत. आजच्या घडीला असा कोणता टप्पा आहे, जो सत्तरीच्या माणसांना घेऊन निर्धास्तपणे पार करता येईल? आणि दुसरी, थोडी आगाऊ : ही ओढ खरोखर रस्त्याची असते, की आपल्या तरुणपणाची?

महूचा निवृत्त अभियंता :

आपली दुसरी शंका आधी घेतो, कारण बांधकाम खात्यात उमेदवारी केल्यापासून ती मलाही पडत आली आहे. तरुणपणाचा वाटा त्यात असतोच. पण तेवढ्यावर सगळे भागत नाही, कारण रस्त्याच्या आखणीतच फरक आहे. जुना रस्ता बैलगाडीला आणि पायदळाला झेपेल अशा चढाने, डोंगराच्या कलाकलाने जातो, नदीला काठ पक्का असेल तिथे ओलांडतो, आणि एका दिवसाच्या चालीवर पडाव असे, म्हणून गावाच्या मधूनच निघतो. चौपदरी रस्ता ताशी 100 किलोमीटरच्या हिशेबाने आखलेला असतो, त्यामुळे त्याची वळणे मोठ्या त्रिज्येची ठेवावी लागतात. मग टेकडी आली की ती कापायची आणि खोलगट भाग आला की भराव घालायचा. परिणाम असा, की गाडी एक तर कापलेल्या दगडाच्या दोन भिंतींमधून धावते, नाही तर शेताच्या बरीच वर, आणि दोन्हीकडे पाहण्यासारखे असे काही हाती लागत नाही. चालवणाऱ्याचाही त्यात फारसा सहभाग उरत नाही. दुपदरी रस्त्यावर वळणाआधी गिअर बदलणे, समोरच्याला डिपर देणे, ट्रॉलीमागे थांबून नेमकी संधी साधणे या गोष्टी सतत कराव्या लागतात, आणि ज्याला गाडी चालवणे आवडते त्याला खरे तर हेच आवडत असते.

आता मार्गाविषयी. महूहून बडगोंद्याच्या बाजूने जाम दरवाजाकडे जा. अहिल्याबाईंनी 1791 मध्ये बांधलेली ही वेस विंध्याच्या अगदी कड्यावर आहे, आणि महेश्वर ही त्यांची राजधानी होती हे लक्षात घेतले की माळव्यातून निमाडात उतरणाऱ्या या वाटेवर दरवाजा का हवा होता, ते वेगळे सांगावे लागत नाही. इंदूरची उंची समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटर आहे आणि महेश्वरची जेमतेम दीडशे. हा सगळा उतार आपण या एका घाटात जवळजवळ सलग अनुभवता. सकाळी महूला अंगात स्वेटर असेल तर मंडलेश्वरला पोहोचेपर्यंत तो काढावा लागेल. घाट ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरवा. ब्रेकवर पाय ठेवून उतरणाऱ्यांच्या चाकांचा जळका वास खालच्या वळणांवर हमखास येतो.

मंडलेश्वरला नर्मदेचा पूल ओलांडून कसरावद, खरगोन आणि तिथून पश्चिमेकडे जुलवानियाच्या रस्त्याला लागा. मधे ऊन नावाचे गाव आहे, तिथली परमारकालीन मंदिरे अवश्य पाहा. खजुराहोला गर्दी करणारे आपले इंदूरकर इतक्या जवळच्या या मंदिरांकडे का फिरकत नाहीत, हे मला कधीच कळले नाही. जुलवानियाला आपण पुन्हा चौपदरी रस्त्यावर येता आणि सेंधवा, बिजासन घाट करून सायंकाळी धुळ्याला मुक्कामी पोहोचता. वाटेत कडेच्या दगडांचे माथे न्याहाळत चला : पिवळा राष्ट्रीय महामार्गाचा, हिरवा राज्यमार्गाचा, नारिंगी ग्रामीण रस्त्याचा. पिवळा मागे पडून हिरवा सुरू झाला की बाबांची कळी खुलेल.

मालवाहू :

काकांचा अनुभव मोठा आहे, पण रोज याच पट्ट्यात गाड्या पाठवणारा म्हणून मला थोडे वेगळे मांडावेसे वाटते. जुन्या रस्त्याचे कौतुक बहुधा त्यावरून क्वचित जाणारेच करतात. ज्यांचे घर रस्त्याला लागून आहे त्यांना विचारा. बाहेरून वळणरस्ता निघाला तेव्हा मुलांना शाळेत पाठवताना जीव मुठीत धरावा लागेनासा झाला, असेच उत्तर मिळेल. दुपदरी रस्त्यावर दुभाजक नसतो, समोरून येणारा प्रकाशझोत सरळ डोळ्यांत जातो, आणि कापसाने फुगलेल्या ट्रॉलीला मागे दिवा तर नसतोच, रिफ्लेक्टरही नसतो. गावात शिरताना रंग न दिलेले गतिरोधक असतात. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर मोटारीला केंद्राने घालून दिलेली कमाल मर्यादा ताशी 70 आहे. प्रत्यक्षात सरासरी 45 धरून चला आणि त्या हिशेबाने निघा. सूर्यास्तानंतर या रस्त्यावर राहायचे नाही, एवढी एकच अट मी माझ्या चालकांना घालतो, आणि आपल्यालाही तीच सुचवतो. डिसेंबरात सहाच्या सुमारास अंधारते, म्हणजे दुपारी चारपर्यंत जुलवानिया गाठलेले बरे.

खंडवेकरीण :

मालवाहू यांचे अंधाराविषयीचे म्हणणे सोळा आणे खरे आहे. मात्र चौपदरी म्हणजे सुरक्षित, असा अर्थ त्यातून कोणी काढू नये. आपल्याच राऊ-खलघाट टप्प्यातला गणपती घाट चौपदरीच होता. तीव्र उतारावर ट्रकचे ब्रेक निकामी होऊन तिथे इतके बळी गेले, की शेवटी तो उतार टाळणारा नवा रस्ता काढावा लागला.

आमच्या बाजूचा मार्गही सुचवून ठेवते : सिमरोल, चोरल, बडवाह, मोरटक्क्याला नर्मदा, सनावद, मग आशीरगड, बुऱ्हाणपूर, इच्छापूर आणि मुक्ताईनगर. आशीरगडाखालून गाडी जाते तेव्हा दक्षिणेचे दार कशाला म्हणत, ते डोळ्यांना दिसते. नर्मदा आणि तापी यांच्या खोऱ्यांमधली सातपुड्याची ही खिंड अकबराला 1601 मध्ये गड घेऊनच मोकळी करता आली, आणि पुढे भुसावळ-खंडवा रेल्वेही तिथूनच गेली. सनावदहून खरगोनच्या रस्त्याला थोडे आत गेले की बेडिया लागते, तिथे मिरचीची मोठी मंडी भरते. हिवाळ्यात वाळत घातलेल्या मिरचीने शेतेच्या शेते लाल दिसतात. काचा खाली असतील तर ठसका लागून शिंका सुरू होतात, आणि गाडीतले सगळे एकमेकांकडे पाहून हसतात. परंतु या रस्त्याचेही चौपदरीकरण आणि बोगद्यांचे काम निघाल्यामुळे जागोजागी वळसे आणि धूळ आहे. आईंना दम्याचा वगैरे त्रास असेल तर या खेपेस काकांचा जाम दरवाजाच बरा.

सुदामानगरकर :

सर्वांचे मनापासून आभार. आईला धुळीचा त्रास आहेच, त्यामुळे जाताना जाम दरवाजा, खरगोन आणि ऊन, आणि येताना मुकाट्याने चौपदरी, असे ठरवले आहे. अंधाराची अट बाबांनी कुरकुरत का होईना, मान्य केली. एकच विचारायचे राहिले : निमाडात आईसाठी ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी मिळेल असे ठिकाण वाटेवर आहे का?

महूचा निवृत्त अभियंता :

ठरावीक ढाब्याचे नाव देत नाही, कारण आज चांगला असलेला ढाबा पुढच्या वर्षी तसाच राहील याची खात्री नसते. कसरावद ओलांडल्यावर जिथे ट्रॅक्टर उभे असतील तिथे थांबा आणि भाकरी आताच करून देता का, असे विचारा. मात्र चूल पेटायला अर्धा तास लागतो, आणि तो मालवाहू यांनी घातलेल्या चारच्या वेळेतून वजा करावा लागेल. म्हणून महूहून सातच्या आत निघा.