ऑगस्टमधल्या दहा दिवसांसाठी एटोशा की ओकावांगो?

चौघेजण (प्रश्न)

येत्या ऑगस्टमध्ये मी, पत्नी, अकरा वर्षांचा मुलगा आणि सत्तरीला आलेली आई असे चौघे आफ्रिकेत जाणार असून जाण्यायेण्याचे दिवस वगळता हाती दहा दिवस उरतात. बरीच छाननी करून यादीत दोनच ठिकाणे ठेवली आहेत: नामिबियातले एटोशा राष्ट्रीय उद्यान आणि बोट्स्वानातला ओकावांगोचा त्रिभुज प्रदेश. देश शेजारशेजारचे, दोन्हीकडे ऑगस्ट म्हणजे कोरडा हंगाम आणि दोन्हीकडे हत्ती, सिंह, बिबटे आहेतच. मग निवड कशावरून करायची, हे कळेनासे झाले आहे. मला स्वतः गाडी चालवायला आवडते. आईची पाठ दुखते, पण एका जागी तासन्‌तास बसून पक्षी पाहण्याचा तिला कंटाळा नाही. मुलाला गेंडा पाहायचा आहे आणि त्या बाबतीत तो ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत नाही. ओकावांगोचे दर पाहून छाती दडपली, तरी आयुष्यात एकदाच जायचे तर हात आखडता का घ्यावा, असेही वाटते. दोन्हीकडे जाऊन आलेल्यांनी कृपया मत द्यावे.

माळढोक

मी दोन्ही ठिकाणी ऑगस्टमध्येच गेलो आहे. फरक प्राण्यांच्या यादीत शोधू नका, पाण्यात शोधा.

एटोशात ऑगस्टपर्यंत पावसाची डबकी आटून गेलेली असतात. उद्यानातले सुमारे 4,800 चौरस किलोमीटरचे खारट, सपाट, पांढरे पात्र ठणठणीत कोरडे पडते आणि त्याच्या दक्षिण काठाने असलेल्या झऱ्यांवर व बोअरच्या पाण्यावर सगळ्यांना यावेच लागते. त्यामुळे तिथे पाहणाऱ्याचे काम सोपे आहे: पाणवठ्याशी गाडी लावायची, इंजिन बंद करायचे आणि वाट पाहायची. आधी झेब्रे येतात, मग लांब सरळ शिंगांचे ऑरिक्स येतात, आणि पांढऱ्या धुळीने माखलेला हत्तींचा कळप आला की बाकीचे मुकाट्याने बाजूला होतात.

ओकावांगोत नेमके उलटे घडते. अंगोलाच्या डोंगराळ भागात साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात पडलेला पाऊस इतक्या मंद उतारावरून सरकत येतो की त्याचा पूर त्रिभुज प्रदेशाच्या दक्षिण टोकाच्या माउन गावापाशी जून-जुलैच्या सुमारास, म्हणजे डोक्यावर ढगाचा टिपूसही नसताना पोहोचतो. ओकावांगो नदी समुद्राला मिळतच नाही. तिचे बहुतेक पाणी उन्हाने आणि झाडाझुडपांवाटे उडून जाते, काही वाळूत मुरते. ऐन कोरड्या हंगामात तिथे पाणी जागोजाग असते, म्हणून प्राणी एका ठिकाणी गोळा होण्याचे कारण उरत नाही आणि त्यांचा माग काढायला त्या मातीत वाढलेला वाटाड्या लागतो. एटोशा तुम्हाला स्वतः पाहता येते, ओकावांगो कोणीतरी दाखवावे लागते. दरांमधल्या तफावतीचा मोठा भागही इथूनच येतो.

गेंड्यापुरते म्हणाल तर प्रश्नच नाही. काळ्या गेंड्यासाठी एटोशासारखी जागा क्वचितच सापडेल. ओकावांगोच्या परिसरात गेंडे पुन्हा आणून सोडले होते, पण चोरट्या शिकारीने त्यांची फार हानी केली. मात्र मुलाला पाणघोडा किंवा रानम्हैसही हवी असेल, तर ती एटोशात मिळणार नाही, हे आधीच सांगून ठेवा.

पाणकणीस

वरचे सगळे बरोबर आहे, तरीही मी ओकावांगोच्या बाजूने बोलणार, कारण गाडीच्या काचेतून पाहणे आणि मोकोरोत बसून पाहणे यांत अंतर आहे. मोकोरो म्हणजे पूर्वी एकाच खोडातून कोरलेली आणि आता बहुधा फायबरग्लासची चिंचोळी डोणी. नावाडी मागे उभा राहून लांब काठीने ती रेटतो आणि आपण इतके खाली बसलेलो असतो की कमळाची फुले डोळ्यांच्या रेषेत येतात. आमच्या नावाड्याने एका बोरूपाशी डोणी थांबवून बोट दाखवले, तेव्हा मला आधी काहीच दिसले नाही. नंतर दिसले की देठाला अंगठ्याच्या नखाएवढा बेडूक चिकटून बसला आहे आणि त्याचा गळा धडधडतो आहे. पुढे वळणावर तो एकाएकी थांबला, कान देऊन उभा राहिला आणि काही न बोलता डोणी उथळ पाण्यात वळवली, कारण पलीकडच्या खोल पाण्यात पाणघोडा होता. त्या दिवशी आम्हाला सिंह दिसला नाही आणि त्याची खंतही वाटली नाही.

तुमच्या आईसाठी मात्र दोनदा विचार करा. डोणीत पाय लांब करून बसावे लागते, पाठीला बेताचाच आधार असतो आणि चढता-उतरताना तोल सांभाळावा लागतो. बऱ्याच कॅम्पांपर्यंत छोट्या विमानानेच जावे लागते; सामान मऊ पिशवीत आणि माणशी पंधरा-वीस किलोंच्या आत बसवावे लागते. अनेक ठिकाणी लहान मुलांना डोणीत किंवा पायी फेरीला नेत नाहीत आणि काही कॅम्प बारा वर्षांखालच्या मुलांना मुळात घेतच नाहीत, तेव्हा अकराव्या वर्षाचा प्रश्न पैसे भरण्यापूर्वी लेखी विचारून घ्या. मोठ्या खासगी कॅम्पांचा ऑगस्टमधला दर माणशी, दर रात्री हजार अमेरिकी डॉलरच्या पुढे जातो. बोट्स्वानाच्या चलनाचे नाव पुला आहे आणि त्या शब्दाचा अर्थ पाऊस. बिल हाती आल्यावर तो आपल्यावर उलट दिशेने पडतो. त्या पैशांत रस्ता सोडून जंगलात गाडी घालण्याची आणि रात्रीच्या फेरीची मुभा मिळते, आणि रानकुत्र्यांचा माग काढायचा असेल तर ती लागतेच.

वाळूघड्याळ

गाडी तुम्ही चालवणार, म्हणून माझी चूक सांगतो. नामिबियाची राजधानी विंडहुकहून एटोशाच्या दक्षिण दरवाजापर्यंतचा रस्ता डांबरी असून चारशे किलोमीटरच्या थोडा पुढे आहे, पण उद्यानाच्या आत खडीचा पांढरा रस्ता लागतो. तिथे वेगमर्यादा ताशी 60 किलोमीटर आहे आणि गुगलने सांगितलेल्या वेळेला काही अर्थ नाही. आम्ही शेवटच्या पाणवठ्यावर सिंहिणीपायी रेंगाळलो, टायर पंक्चर झाला, आणि मुक्कामाचा दरवाजा सूर्यास्ताला बंद होतो हे माहीत असताना मी गाडीखाली आडवा पडून जॅक लावत होतो. उद्यानात गाडीतून उतरायला बंदी आहे, त्यामुळे त्या पंधरा मिनिटांत पत्नीने चहूबाजूंना पाहत जी एकाग्रता दाखवली, ती तिने कोणत्याही पक्ष्यासाठी दाखवलेली नाही. गाडी घेताना दोन जादा चाके मागा आणि खडीवर हवा किती ठेवायची, ते तिथेच विचारा.

आईंसाठी सांगायचे तर ओकाउकुएयो, हालाली आणि नामुटोनी हे तीन जुने मुक्काम एकमेकांपासून साधारण सत्तर-सत्तर किलोमीटरवर आहेत. सकाळी तीन तास फिरून दुपारी मुक्कामी पाठ टेकता येते.

आणखी एक. पाणघोड्यांची आणि रानम्हशींची उणीव भरून काढायची असेल, तर ओकावांगोसाठी बोट्स्वानातच जायला हवे असे नाही. तीच नदी त्रिभुज प्रदेशात शिरण्यापूर्वी नामिबियाच्या ईशान्य पट्ट्यातून वाहते, आणि दिवुंडूजवळच्या महांगो भागात स्वतःची गाडी नेता येते. नामुटोनीपासून अंतर सहाशे किलोमीटरच्या आसपास आहे. मध्ये रुंडूला मुक्काम करा, एका दमात जाऊ नका.

चौघेजण

सर्वांचे आभार. आईला डोणीचे वर्णन वाचून दाखवले, तेव्हा ती म्हणाली की बेडूक तू पाहून ये, मी काठावर बसते. तेव्हा एटोशात पाच रात्री, वाटेत एक, महांगोपाशी नदीकाठी दोन आणि उरलेल्या परतीच्या रस्त्यासाठी, असे ठरत आले आहे. एटोशातल्या पाच रात्री तिन्ही मुक्कामांत वाटाव्यात का?

माळढोक

वाटा, पण समान नको. ओकाउकुएयोला तीन द्या आणि पाणवठ्याच्या जवळची खोली मिळते का पाहा, म्हणजे आईंना अंधारात लांब चालावे लागणार नाही. तिथला पाणवठा रात्रभर मंद पिवळ्या दिव्यांत दिसतो आणि बुटक्या भिंतीमागे बाक आहेत. ऑगस्टच्या रात्री थंडी बोचते, तेव्हा खोलीतली पांघरुणे सोबत न्या. जेवणानंतर येणारी गर्दी तासाभरात कंटाळून उठते. तुम्ही उठू नका. माझ्या तिन्ही रात्री काळा गेंडा बाक रिकामे झाल्यावरच आला. दिसण्याआधी दगडांवर त्याच्या पायांचा आवाज येतो, तेव्हा मुलाला बोलू देऊ नका.