एकच कसोटी, तीही कोटल्यावर

ए-१०४: मंडळी, गणपतीतल्या क्विझसाठी प्रश्न काढतोय. हा जरा तपासा. जन्म पुण्याचा, नोकरी लष्करातली, भारताचा कसोटी कर्णधार. गुगल न करता सांगायचं.

सी-३०१: कर्नल सी. के. नायडू!!

ए-१०४: नायडू नागपूरचे. आणि त्यांची कर्नलकी होळकरांच्या फौजेतली.

बी-२०२: चंदू बोर्डे? पुण्याचे आहेत आणि एका कसोटीत कॅप्टनही होते. १९६७, अ‍ॅडलेड.

ए-१०४: निम्मे मार्क. ते लष्करात नव्हते.

डी-६०३ काका: हेमू अधिकारी. लेफ्टनंट कर्नल हेमचंद्र रामचंद्र अधिकारी. जन्म ३१ जुलै १९१९.

सी-३०१: काका, फौजेतला माणूस म्हटल्यावर तुम्ही सोडणार थोडीच 😄 पण मी नाव पहिल्यांदाच ऐकतेय. किती सामने कर्णधार होते?

डी-६०३ काका: एक.

सी-३०१: एकच? हरलो असणार.

डी-६०३ काका: अजिबात नाही. जरा लांबण लावतो, कंटाळा आला तर ग्रुप म्यूट करा.

१९५८-५९ ला वेस्ट इंडीजचा संघ आपल्याकडे आला. वेस्ली हॉल आणि रॉय गिलख्रिस्ट, दोघंही तुफान वेगवान. हेल्मेट नावाची वस्तू तेव्हा नव्हतीच. मुंबईला पॉली उम्रीगर कर्णधार, सामना अनिर्णित. मग कानपूर, कलकत्ता गुलाम अहमदकडे. कलकत्त्यात एक डाव आणि ३३६ धावांनी हरलो, म्हणजे बघा. मद्रासला उम्रीगरनं संघनिवडीवरून वैतागून राजीनामा दिला, विनू मंकडला उभं केलं, तिथंही हरलो. राहिली दिल्ली, म्हणजे फिरोजशाह कोटला मैदान. पाच कसोट्यांतला चौथा कर्णधार म्हणून अधिकारींना बोलावलं. वय ३९. फौजेत नोकरी चालू.

समोरच्यांनी ८ बाद ६४४ वर डाव सोडला. अधिकारींनी ६३ आणि ४० काढल्या, वर लेगस्पिन टाकून तीन बळी. मॅच वाचली. त्यांची ती शेवटची कसोटी.

बी-२०२: त्याच मॅचला बोर्डेंचे १०९ आणि ९६! दुसऱ्या डावात शतकाला चार धावा हव्या असताना हिट विकेट 😭 वडील अजून हळहळतात.

डी-६०३ काका: बरोबर. आणि एक गंमत. अधिकारींची कसोटीतली मोठी कामं सगळी कोटल्यावरच. १९४८ ला वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद ११४, कसोटीतलं एकमेव शतक, ते तिथं. १९५२ ला पाकिस्तानची पहिलीवहिली कसोटी, तीही तिथंच. लोकांना त्यातले मंकडचे १३ बळी आठवतात, आणि आठवायलाच हवेत. पण आधी धावा झाल्या होत्या म्हणून डावानं जिंकलो. अधिकारी नाबाद ८१, अकरा नंबरवर गुलाम अहमद ५०, शेवटच्या विकेटला १०९. तो भारतीय विक्रम २००४ पर्यंत टिकला. ढाक्याला सचिन आणि झहीरनं मोडला.

ए-५०२: मग फक्त २१ कसोट्या का?

डी-६०३ काका: दुसरं महायुद्ध. पहिली कसोटी १९४७ ला ब्रिस्बेनला, तेव्हा वय २८. रणजी त्याच्या कितीतरी आधीपासून खेळत होते. पुढं फौजेची ड्यूटी आणि क्रिकेट, दोन्ही सांभाळायचं. सर्व्हिसेसचा, म्हणजे सैन्यदलांचा संघ त्यांच्या काळात लागोपाठ दोनदा रणजी फायनलला गेला, १९५६-५७ आणि १९५७-५८. एकदा मुंबईनं हरवलं, एकदा बडोद्यानं. आणि बडोदा म्हणजे त्यांचाच जुना संघ! सर्व्हिसेस फायनलला, हे आज कुणाला खरं वाटेल का?

सी-३०१: मला नाही वाटलं, शोधून बघितलं 🙈 आहे खरं.

बी-४०१ आजी: १९७१ ला इंग्लंडला मॅनेजर हेच ना? ओव्हलची कसोटी जिंकलो तेव्हा गणेश चतुर्थी होती. आमच्याकडे मोदक वाफेवर आणि सगळे पुरुष रेडिओपाशी. पानं घेतली तरी कुणी उठेना.

डी-६०३ काका: हेच ते, आजी. स्वतः कव्हरला अव्वल फील्डर. त्यामुळं पोरांकडून फिटनेस आणि झेलांचा सराव घाम निघेपर्यंत. एकनाथ सोलकरनं इंग्लंडच्या ॲलन नॉटचा पुढं झेपावून घेतलेला झेल आठवा. चंद्रशेखरनं ३८ धावांत सहा बळी घेतले, इंग्लंड १०१ ला खलास. त्या झेलांमागं कर्नलसाहेब होते.

ए-५०२: काका, मग १९७४? तेव्हाही मॅनेजर तेच होते. लॉर्ड्सला सगळे मिळून ४२. मालिका ०-३.

डी-६०३ काका: मॅनेजर पॅड बांधून जात नाही.

ए-५०२: मग ७१ ला तरी ते स्लिपमध्ये कुठं उभे होते? जिंकलो की कर्नल, हरलो की खेळाडू, असं नाही चालणार.

डी-६०३ काका: सराव आणि हवामान यात फरक आहे. लॉर्ड्सला त्या सकाळी चेंडू किती स्विंग होत होता माहितीय का तुला?

ए-५०२: त्याच मैदानावर इंग्लंडनं ६२९ केल्या होत्या, काका.

बी-४०१ आजी: 😂

डी-६०३ काका: तू उद्या सकाळी सहाला टेकडीवर ये. तिथं भांडू, इथं टाइप करून बोटं दुखली माझी.

ए-५०२: सहाला?! साडेसात करा ना.

डी-६०३ काका: सहा.