खरी मेख पुराव्यात आहे

काही जण म्हणतात की अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १ जुलै २०२४ च्या निकालाने (६ विरुद्ध ३) ट्रंपना फौजदारी खटल्यांपासून फक्त सरकारी कामापुरतं संरक्षण दिलं, खाजगी कृत्यांना नाही, मग एवढा गहजब कशाला? कागदावर बरोबर. पण खाजगी गुन्ह्याच्या खटल्यातही संरक्षित सरकारी कृत्यं पुरावा म्हणून ज्युरीपुढे आणायची नाहीत, असं सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी त्यात घालून ठेवलंय. मग लाचेचा खटला उभा कसा राहणार? निर्णय झाला एवढं सार्वजनिक नोंदीवरून दाखवा, पण तो का घेतला याबद्दल सल्लागारांची साक्ष काढायची नाही! दिलं काय आणि घेतलं काय, दोन्ही ज्युरीला कळायला हवं, असं म्हणत त्याच न्यायालयाच्या न्या. बॅरेट या मुद्द्यावर बहुमतापासून वेगळ्या झाल्या. त्यांना नेमलं खुद्द ट्रंपनीच, हे विशेष.

आणि 'हे संरक्षण आधीपासूनच गृहीत होतं' असंही सांगितलं जातं, ते काही पटत नाही. तसं असतं तर १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्डनी आधीचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना माफी कशाची दिली? आपल्याकडे राज्यघटनेचं कलम ३६१ आहे, पण राष्ट्रपतींवर फौजदारी कारवाई नाही ती पदावर असेपर्यंतच.