सेफ्टी, सिक्युरिटी आणि आमची एकुलती एक सुरक्षा

हेल्मेटकाका:
४ मार्चला सोसायटीच्या ग्रुपवर चित्र आलं. तिरंगा, बंदूक घेतलेला जवान, खाली 'राष्ट्रीय सुरक्षा दिनाच्या हार्दिक शुभेच्छा'. मी नम्रपणे लिहिलं, की हा दिवस सीमेचा नाही, कामावरच्या अपघातांचा आहे. १९६६ साली याच तारखेला नॅशनल सेफ्टी कौन्सिल निघाली, म्हणून तो पाळतात. त्यावर एका सद्गृहस्थांचं उत्तर: 'सेफ्टी काय न् सिक्युरिटी काय, शेवटी सुरक्षाच ना? शब्दांचा कीस पाडून जवानांचा अपमान करू नका.' लगेच दहा अंगठे. मग ॲडमिनने ग्रुपच 'फक्त ॲडमिन' करून टाकला, म्हणून इथे ओकतोय.

बावीस वर्षं केमिकल कारखान्यात सेफ्टीत काढली. फरक सोपा आहे. सेफ्टी म्हणजे अपघातापासून बचाव, सिक्युरिटी म्हणजे वाईट हेतूच्या माणसापासून. व्हॉल्व्हचं तुमच्याशी वैर नसतं, तो नुसता गंजतो.

आणि ही दोघं भाऊ नाहीत, भाऊबंद आहेत. आमच्या गोदामाच्या मागे आणीबाणीचं दार होतं. तांब्याची वायर चोरीला जायला लागली, तसं सिक्युरिटीवाल्यांनी त्याला साखळी घालून कुलूप ठोकलं. मॉक ड्रिलला भोंगा वाजला, चाळीसेक माणसं दाराशी येऊन थडकली. चावी गेटवरच्या केबिनमध्ये, खिळ्याला. पोरगा पळत गेला, पळत आला, चावी दुसऱ्याच कुलपाची. गार्डला झापलं तर म्हणतो, 'साहेब, सुरक्षेसाठीच लावलंय.' मी म्हटलं, 'सुरक्षेसाठीच काढ.' तो बघतच राहिला. त्याची तरी काय चूक? १९११ साली न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याच्या आगीत १४६ जीव गेले, तिथेही जिन्याचं एक दार कुलूपबंद होतं, कारण चोरीची भीती. इंग्रजीत निदान भांडायला दोन शब्द तरी आहेत.

बोरूबहाद्दर:
काका, दाराची गोष्ट छान, व्याख्या मात्र साफ चूक. 'सेफ' म्हणजे तिजोरी. तिजोरी अपघातापासून वाचवते की चोरापासून? सोशल सिक्युरिटी म्हणजे पेन्शनबिन्शन, तिथे कोण चोर? सिक्युरिटी डिपॉझिट म्हणजे अनामत, सिक्युरिटीज म्हणजे रोखे. 'वाईट हेतू' यातल्या कशात बसवताय?

मुळात लॅटिनमध्ये 'से' म्हणजे विना, 'कुरा' म्हणजे काळजी. सिक्युरिटी म्हणजे निर्धास्तपणा. शेक्सपिअरच्या काळात तर 'गाफीलपणा' हाही अर्थ होता. आणि सेफ ज्या 'साल्वुस' वरून आला त्याचा अर्थ धडधाकट, शाबूत. म्हणजे एक शब्द मनाचा आणि दुसरा अंगाचा. तुम्ही सांगताय ती वाटणी नंतरच्या ऑफिसांनी आपल्या सोयीने केलेली आहे.

हेल्मेटकाका:
तिजोरीचं मान्य. अनामत पण मान्य. आता पुढच्या वेळी गॅस गळला की लॅटिनमध्ये ओरडतो.

पोस्टातलाबाबू:
१९९८ ची नॅशनल सिक्युरिटी कौन्सिल मराठीत 'राष्ट्रीय सुरक्षा परिषद'. काकांची सेफ्टी कौन्सिलही तीच. आद्याक्षरं दोघींची एनएससी. आमच्याकडे एनएससी म्हणजे पोस्टातलं सर्टिफिकेट, तेच खरं सुरक्षित. चालू द्या.

चकलीची_भाजणी:
हा फरक मला पाय झिजवून कळलाय. घरगुती फराळाच्या धंद्याला अन्न सुरक्षेची नोंदणी लागते म्हणून कुणीतरी सांगितलं. तालुक्याच्या कचेरीत एका टेबलावर 'अन्न सुरक्षा' अशी पाटी दिसली, रांगेत उभी राहिले. दीड तासाने नंबर आला. बाई म्हणाल्या, रेशनकार्ड दाखवा, घरात माणसं किती? मी म्हटलं, चकलीचा आणि रेशनकार्डाचा काय संबंध? त्या म्हणाल्या, माणशी पाच किलो धान्य, इथे चकली नाही.

ते टेबल २०१३ च्या कायद्याचं, तिथे सुरक्षा म्हणजे सिक्युरिटी: पोटाला मिळेल की नाही. मला हवा होता २००६ चा, तिथे सुरक्षा म्हणजे सेफ्टी: खाल्लेलं बाधणार नाही ना. दोन्ही 'अन्न सुरक्षा कायदे'. भाषांतर करणाऱ्याला माझ्यासोबत उन्हात उभं करा.

बोरूबहाद्दर, तुमचा मुद्दा इथे बरोबर निघतो हे बघून वाईट वाटलं. भूक काही वाईट हेतूचा माणूस नव्हे.

लोकोशेड:
एवढा काथ्याकूट कशाला? रेल्वेने हे कधीच सोडवलंय. सेफ्टी म्हणजे संरक्षा, सिक्युरिटी म्हणजे सुरक्षा. रुळाला तडा गेला तर संरक्षा, डब्यात पाकीट मारलं तर सुरक्षा. रेल संरक्षा आयुक्त वेगळे, रेल्वे सुरक्षा बल वेगळं. (आयुक्त तर रेल्वेच्याही हाताखाली नाहीत, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे आहेत. ते का, हा वेगळा धागा होईल.) ३३ वर्षं नोकरी केली, एकदाही गोंधळ झाला नाही.

रोखठोक_कोल्हापुरी:
झालं, आली हिंदी! संरक्षा हा मराठी शब्दच नव्हे. आपल्याकडे संरक्षण म्हणजे डिफेन्स. उद्या 'संरक्षा अधिकारी' म्हटलं की लोक मिलिटरीवाला समजतील, म्हणजे काकांचा जवान पुन्हा ग्रुपवर हजर. स्टेशनवर हिंदी, पाटीवर हिंदी, आता कोशातही हिंदी?

लोकोशेड:
संरक्षा संस्कृत आहे हो. तुमचं 'संरक्षण' कुठल्या पन्हाळ्यावर उगवलं?

रोखठोक_कोल्हापुरी:
गडावर जाऊ नका. तेहतीस वर्षं वरून आलेली हिंदी परिपत्रकं वाचली की असंच होतं.

लोकोशेड:
मी मिरजेचा आहे. आईची भाषा कन्नड, बापाची मराठी, शेजारी दख्खनी बोलायचे. रात्री दोनला पावसात गँगमनला शब्द सांगावा लागतो, त्याला एक सांगितलं आणि दुसरंच समजलं तर माणूस मरतो. तेव्हा शब्दाची जात विचारत नाहीत. तुम्ही एसीत बसून भाषा वाचवा.

रोखठोक_कोल्हापुरी:
एसी नाही, फरसाणाचं दुकान आहे. बिलं मराठीत देतो. तुमच्या गँगमनला 'संरक्षा' कळत होतं की 'सेफ्टी'?

लोकोशेड:
...'सेफ्टी'. पण तो मुद्दा नाही.

रोखठोक_कोल्हापुरी:
तोच मुद्दा आहे!

नेकारकाठी:
अवांतराला पूर्णविराम द्या, मंडळी. मी जर्मनीत गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. जर्मनमध्ये दोन्हीला एकच शब्द, 'जिशरहाइट'. मीटिंगमध्ये कुणी तो नुसता उच्चारला की समोरचा विचारतो, 'सेफ्टी की सिक्युरिटी?' तेही इंग्रजीतून. तेव्हा मराठी गरीब आहे हा सूर नको.

दुसरं, काकांचं 'वैर नसतं' हे आता पुरत नाही. २०१५ साली दोघा संशोधकांनी इंटरनेटवरून चालत्या जीपचा ताबा घेऊन दाखवला, कंपनीला १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. चोरवाट सिक्युरिटीची, मरणार मात्र ब्रेकवर पाय ठेवलेला माणूस. आमच्याकडे सेफ्टीचं मानक आयएसओ २६२६२, सिक्युरिटीचं २१४३४, आणि दोन्ही टीमची एकमेकांवर खुन्नस.

पण तुमच्या दाराचं पटलं. त्याच वर्षी जर्मनविंग्जचं विमान पडलं. ९/११ नंतर कॉकपिटची दारं बाहेरून फोडता येणार नाहीत अशी केली होती. कप्तान बाहेर, विमान मुद्दाम पाडणारा सहवैमानिक आत. १५० माणसं. दार ठरल्याप्रमाणे चाललं.

हेल्मेटकाका:
हे माहीत होतं, पण असं कधी जोडलं नव्हतं.

चकलीची_भाजणी:
मग शब्द काय ठरला? 'सुरक्षितता' सेफ्टीला आणि 'सुरक्षा' सिक्युरिटीला?

रोखठोक_कोल्हापुरी:
'निर्धोक' चालेल. आजी म्हणायची.

लोकोशेड:
'राष्ट्रीय निर्धोक दिन'. शुभेच्छा. बाकी शब्द वाईट नाही.

बोरूबहाद्दर:
कुठलाही ठरवा, दहा वर्षांत त्यालाही पाच अर्थ फुटतील, शब्द असेच जगतात. काकांना एवढंच सांगतो: आत्ता उठून आमच्या इमारतीच्या गच्चीपर्यंत जाऊन आलो. दाराला कुलूप आहे, 'सुरक्षेच्या कारणास्तव गच्ची बंद' अशी पाटी आहे. चावी सेक्रेटरींकडे. सेक्रेटरी नाशकात, मुलीच्या बारशाला. तुमची व्याख्या तरीही चूक आहे.