खत-औषधांच्या दुकानासाठी लॅपटॉप घेऊ की डेस्कटॉप?

तासगावची ताई:
मंडळी, आमचं तासगावात कृषी सेवा केंद्र आहे. बिलं, स्टॉक, जीएसटी सगळं टॅलीवर. जुना पीसी आता फारच रखडतोय. मुलगा सांगलीला कॉलेजात आहे, तो म्हणतो लॅपटॉप घे, मलाही नेता येईल. ह्यांचं मत डेस्कटॉपच. लाइटीचा भरवसा नाही. काय घेऊ?

विट्याचा पाटील:
लॅपटॉप. लाइट गेली तरी बिल अडत नाही.

मिरज दुरुस्तीवाला:
ताई, माझं मिरजेत कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम आहे. तुमच्या दुकानाला डेस्कटॉपच. लाइटीपेक्षा धुळीचा विचार करा. सांगली मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडतींवरचे सीपीयू माझ्याकडे येतात. झाकण काढलं की पंख्याच्या पात्यांवर पिवळा थर. ब्लोअर मारायचा, रॅम काढून पुसून बसवायची, मशीन चालू. लॅपटॉपचा पंखा पातळ, त्याचे हवेचे झरोके बुजले की तो तापतो आणि मग रखडतो. खताची धूळ तर हळदीहून वाईट. युरिया हवेतला ओलावा ओढतो, पावसाळ्यात तो चिकट थर बोर्डावर बसला की गंज धरतो. डेस्कटॉपचा एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, गेला तर त्याच दिवशी दुसरा बसवून देता येतो. लॅपटॉपचा बोर्ड गेला आणि ऐन खरिपात मशीन दुरुस्तीला अडकलं, तर बियाण्याच्या गर्दीत काय करणार?

लाइटीसाठी ६०० व्हीएचा यूपीएस घ्या. दहा-पंधरा मिनिटं मिळतात, बिल सेव्ह करून बंद करायला पुरे. लेझर प्रिंटर मात्र त्याला लावू नका.

तासगावची ताई:
दादा, दुकान घराखालीच आहे, घरचा इन्व्हर्टर आहे. त्यावर नाही का चालणार? आणि मुलाचं काय?

मिरज दुरुस्तीवाला:
चालेल, पण इन्व्हर्टरचं बटण यूपीएस मोडवर ठेवा. नाहीतर लाइट जाताना पीसी रीस्टार्ट होऊ शकतो. मुलाला वेगळा घ्या, आत्ता नाही जमलं तर पुढच्या वर्षी. दुकानाचा हिशेब त्याच्या बॅगेतून एसटीनं फिरायला नको.

हिशेबनीस, विश्रामबाग:
दादांशी सहमत. ताई, टॅलीचा बॅकअप रोज पेनड्राइव्हवर घ्या आणि तो वर घरात ठेवा. २०१९ च्या पुरात सांगलीच्या पेठेत दुकानांत पाणी शिरलं, तेव्हा मशीनं नवी आणता आली, पण बॅकअप नसलेल्यांची उधारीची खाती गेली ती गेलीच. सेकंडहँड बघत असाल तर आठव्या पिढीच्या आधीचा इंटेल प्रोसेसर नको. त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय.