मदत हवी आहे: भरली गाडी घाट उतरताना ब्रेकचं पेडल खालीच गेलं

परतवाडा_फेरी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गाड्यांच्या विभागात पहिल्यांदाच लिहितोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझी बंद बॉडीची डिझेल व्हॅन आहे, २०१९ची. दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतली. पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम ब्रेक, एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहे. परतवाड्याहून किराणा भरायचा आणि सेमाडोह, हरिसाल, धारणी असे आठवडी बाजार गाठायचे. येताना रिकामं कोण येतं? धारणीकडून हरभरा, गहू, मिळेल ते भाडं. म्हणजे घाट चढतानाही भरलेली आणि उतरतानाही भरलेली.

गेल्या गुरुवारी घटांग सोडून परतवाड्याच्या बाजूला उतरत होतो. हरभऱ्याची पोती होती. दुपारचे चार वाजलेले, आपल्याकडचं या दिवसांतलं ऊन काय असतं ते सांगायला नको. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये. दोन-तीन वळणं झाली आणि चिंधी जळल्यासारखा वास यायला लागला. मला वाटलं, पुढच्या ट्रकचा असेल. पुढच्या वळणावर पाय दिला तर पेडल थेट पत्र्याला टेकायला आलं. गाडी हळू झाली, पण व्हायला हवी तेवढी नाही. पाय उचलून तीन-चार वेळा दाबलं तेव्हा कुठे थोडं धरलं. दुसरा टाकला, इंजिन बोंबललं, तशीच डोंगराच्या अंगाला घेऊन उभी केली. सोबतच्या पोरानं उडी मारून चाकाला गोटा लावला.

पुढच्या उजव्या रिंगमधून धूर निघत होता. पोरानं माझी पाण्याची बाटली तिथे ओतायला सुरुवात केली. चर्रर असा आवाज आला, मी ओरडेपर्यंत अर्धी संपलीही होती. चाळीस मिनिटं थांबलो. नंतर पाय दिला तर पेडल एकदम पहिल्यासारखं, जणू काही झालंच नाही. मला याचीच जास्त भीती वाटतेय.

गॅरेजमध्ये दोनदा नेली. "हवा होती, काढली" असं सांगून पाठवलं. दुसऱ्या वेळी मास्टर सिलिंडर (पेडलचा जोर ब्रेक ऑइलवर देणारा पंप) बदलून टाका म्हणाले.

अजून दोन गोष्टी सांगून ठेवतो, कामाच्या आहेत की नाहीत माहीत नाही. पुढचे पॅड १४,००० किलोमीटरमध्ये संपले, त्याआधीचेही तसेच गेले होते. मागचे ड्रम उघडले तर लायनर (ड्रमच्या आत घासणारे पट्टे) नव्यासारखे. मेकॅनिक उलट खूश होता, मागचा खर्च वाचला म्हणे. आणि पावसाळ्यापासून एबीएसचा पिवळा दिवा येतो-जातो. कधीकधी थांबता थांबता, अगदी ५-१०च्या स्पीडला, पेडल पायाखाली गुरगुरतं.

एबीएस असलेल्या गाडीचा ब्रेक असा जातोच कसा? आणि मास्टर सिलिंडर बदलू की नको? घरी अजून काहीच सांगितलेलं नाही.


वऱ्हाडी_डायवर

भाऊ, पयले एक खरं सांगा. तुमी उतारावर गाडी न्यूट्रलले टाकता का? आमच्या इकडे सारेच टाकतात, डिझल वाचते म्हनून. म्या बी टाकत होतो. एक डाव तर चाबीच बंद केली, शहाना ना मी! दोन डाव ब्रेक मारला, तिसऱ्या डावाले पेडल गोट्यासारखं कडक. बूस्टर म्हंजे पायाचा जोर वाढवनारा डबा, त्याच्यातली व्हॅक्यूम खतम. बाप्पा, दोन्ही पाय देऊन उभा राह्यलो तवा गाडी थांबली. पुलाचा कठडा हातभर राह्यला होता.


परतवाडा_फेरी

नाही दादा, न्यूट्रल कधीच नाही. तिसऱ्यातच होती. आणि पेडल कडक नव्हतं, मऊ होतं.


आगारातला_काका

"मऊ होतं" हे तुम्ही सांगितलं ते बरं केलं, अर्धं निदान तिथेच होतं. मी आगारात गाड्यांच्या खाली आयुष्य काढलंय, तेव्हा थोडं सविस्तर लिहितो.

घाटात ब्रेक तापून दोन तऱ्हेनं जातो. पेडल कडक राहतं, पण गाडी थांबत नाही, तेव्हा पॅड नाहीतर लायनर तापून त्यांची पकड गेलेली असते. पेडल मऊ होऊन खाली जातं, तेव्हा ब्रेक ऑइल उकळलेलं असतं. ऑइल दबत नाही, वाफ दबते. तुमचा पाय ती वाफ दाबत बसतो आणि चाकापर्यंत जोर पोचत नाही. थंड झालं की वाफेचं परत ऑइल होतं आणि पेडल पहिल्यासारखं. म्हणून गॅरेजमध्ये काही सापडत नाही. मास्टर सिलिंडरची रबरं गेली असती तर थंड गाडीतही दिसलं असतं. इंजिन चालू ठेवून पेडल सारख्या जोरानं मिनिटभर दाबून धरा. हळूहळू खाली सरकलं तर सिलिंडर बघा. नाही सरकलं तर पैसे खिशात ठेवा.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. नवं डॉट-३ किमान २०५ अंशांना उकळतं, पाणी धरलेलं १४०लाच उकळू शकतं. डॉट-४चे हेच आकडे २३० आणि १५५. म्हणून दोन वर्षांनी ते पूर्ण बदलायचं असतं. नुसती हवा काढून वरून थोडं नवं ओतलं, तर ते बदलणं नव्हे. झाकणावर कोणतं लिहिलंय ते वाचा आणि तेच घाला. दुसरं कुठलंही तेल टाकू देऊ नका, रबरं फुगतात आणि मग सगळंच बदलावं लागतं.

आता तुम्ही जे सहज लिहिलंय ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पुढचे पॅड झपाट्यानं संपतात आणि मागचे लायनर नवेच्या नवे. भरल्या गाडीत असं व्हायला नको. दोन प्रश्नांची खरी उत्तरं द्या. मागच्या पाट्यांमध्ये (स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्यांमध्ये) एखादा पाटा वाढवलेला आहे का? आणि पोती किती होती?

ता. क. तापलेल्या डिस्कवर पाणी पुन्हा ओतू नका. डिस्क वाकते, तडकतेसुद्धा. पोराला गोट्याबद्दल शाबासकी द्या, पाण्याबद्दल रागवा.


परतवाडा_फेरी

काका, पाटा आधीच्या मालकानं वाढवलेला आहे. "माल कितीही टाका, गाडी बसत नाही" हे सांगूनच त्यानं विकली. आणि पोती… ५० किलोची ३० होती. पासिंग (कागदावर मंजूर असलेला माल) हजार किलोचं आहे. रागवा.


आगारातला_काका

रागवून काय करू? ऐका.

बऱ्याच मालवाहू गाड्यांमध्ये मागच्या ब्रेकच्या लाइनवर एक व्हॉल्व्ह असतो, मेकॅनिक त्याला एलएसपीव्ही म्हणतात. तो चासीला बसवलेला असतो आणि त्याची दांडी मागच्या अॅक्सलला जोडलेली असते. गाडी रिकामी असली की चासी वर राहते. तेव्हा हा व्हॉल्व्ह मागच्या चाकांचा दाब कमी ठेवतो, नाहीतर हलकी चाकं जाम होऊन शेपूट फिरेल. माल भरला की चासी खाली बसते, दांडी हलते आणि मागे जास्त दाब जातो. त्याला वजन कळत नाही, त्याला फक्त अंतर कळतं.

तुमच्या आधीच्या मालकानं पाटा वाढवला. दीड टन टाकला तरी गाडी बसत नाही. व्हॉल्व्हच्या लेखी गाडी रिकामीच! मागचे ब्रेक अर्धवट लागतात आणि पुढची दोन चाकं एकटी सगळी गाडी धरतात. पॅड खपतात, डिस्क तापते, ऑइल उकळतं. मागचा खर्च वाचला म्हणून तुमचा मेकॅनिक खूश झाला ना, त्यानं तिथेच थांबून विचार करायला हवा होता.

काही मॉडेलांत एबीएससोबत ईबीडी (पुढच्या-मागच्या चाकांना ब्रेकचा दाब वाटून देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) असतो आणि हा व्हॉल्व्ह नसतो, काहींत दोन्ही असतात. गाडीखाली वाकून बघा. सापडला तर एक जुगाड होऊ देऊ नका: दांडी तारेनं "भरलेली" स्थितीत बांधून टाकतात. मग भरलेली गाडी छान थांबते आणि रिकामी गाडी पहिल्या पावसात आडवी होते.

पाटा वाढवला म्हणून पासिंग वाढत नाही, हेही राहू द्या ध्यानात. ओव्हरलोडचा दंड २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० वेगळे.


शाळामास्तर

काकांच्या सांगण्याला एक हिशोब जोडतो, सवयीनं. समजा तीन टनांची गाडी ५०० मीटर खाली उतरली. साधारण १.४७ कोटी ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. विजेच्या मीटरवरची चार युनिटं म्हणा. ५० लिटर पाणी अंघोळीच्या हंड्यातून उकळीपर्यंत न्यायला एवढीच लागते. यातला जेवढा भाग इंजिन घेणार नाही तेवढा ब्रेकमध्ये जातो. म्हणून ज्या गिअरमध्ये भरली गाडी घाट चढते त्याच गिअरमध्ये उतरवायची, आणि उतार सुरू व्हायच्या आधीच तो टाकायचा. पाय सारखा टेकवून ठेवू नका. नीट दाबा, वेग उतरवा, सोडा. मध्ये वारा लागू द्या.


सेन्सर_यवतमाळ

एबीएसबद्दल कोणीच बोललं नाही. दादा, एबीएस ब्रेक लावतही नाही आणि थंडही करत नाही. चाक जाम व्हायला लागलं की त्या चाकाचा दाब तो सेकंदात अनेकदा सोडतो-धरतो, म्हणजे स्टिअरिंग तुमच्या हातात राहतं. उकळलेल्या ऑइलपुढे तो काय करणार?

पिवळा दिवा एकटा असेल तर साधा ब्रेक चालू असतो, फक्त एबीएस बंद. त्याच्या सोबत लाल ब्रेकचा दिवाही लागला तर गाडी पुढे नेऊ नका. तिथे ऑइल कमी असेल किंवा ईबीडी गेला असेल.

थांबता थांबता पेडल गुरगुरतं, ते बहुतेक चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरचं काम. कमी स्पीडला एका चाकाचा सिग्नल तुटतो, कॉम्प्युटरला वाटतं चाक जाम झालं आणि तो विनाकारण दाब सोडतो. पावसाळ्यापासून म्हणालात. काळी माती सेन्सर आणि त्याच्यासमोर फिरणाऱ्या रिंगच्या मध्ये बसते, वाळली की सिमेंट. आमच्याकडे पांदण रस्त्यानं जाणाऱ्या निम्म्या गाड्यांना हाच रोग. वर सेन्सरमधल्या लोहचुंबकाला ब्रेकचा लोखंडी चुरा चिकटतो. आधी स्कॅनर लावून कोणतं चाक ते बघा, मग ब्रशनं साफ करा. स्क्रूड्रायव्हरनं खरवडू नका. सेन्सर आणि वायर जागेवर आहे का, उंदरानं कुरतडली का, तेही बघा.

आणि चाबी फिरवल्यावर दिवा क्षणभर लागून विझायला हवा. अजिबातच लागत नसेल तर कोणीतरी दिवाच काढलाय. सेकंडहँडमध्ये हेही पाहिलंय.


वऱ्हाडी_डायवर

माह्या गाडीले बी पाटा वाढवेल हाय. आता झोप लागन का मले? काका, वाकून पाहाले जातो.


परतवाडा_फेरी

उशीर झाला, पण सगळं करूनच लिहितोय.

वाकून पाहिलं. व्हॉल्व्ह आहे. पोरानं आणि मी आधी रिकाम्या गाडीत अॅक्सल आणि चासीतलं अंतर काडीनं मोजलं, मग वीस पोती टाकून मोजलं. फक्त दोन बोटं उतरली होती. दांडी रिकाम्या बाजूच्या टोकाला टेकलेलीच. आधीच्या मालकानं एक नाही, दोन पाटे वाढवले होते.

गाडी रिकामी करून अमरावतीला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेली, घाट नसलेल्या रस्त्यानं आणि चाळीसच्या आत. दोन्ही पाटे काढले आणि व्हॉल्व्हची दांडी त्यांच्या मापानं बसवली. ब्रेक ऑइल बाहेर काढलं तर बिनदुधाच्या चहासारखं, तेही उकळून ठेवलेल्या. चारही चाकांतून नवं ऑइल स्वच्छ येईपर्यंत काढलं. पुढच्या डिस्कवर निळे डाग पडलेले, तापल्याचे. दोन्ही बदलल्या. उजव्या कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या चिमट्याच्या) पिना सुकून जाम झाल्या होत्या, म्हणजे ते पॅड सुटतच नव्हतं. धूर तिथूनच का निघाला ते कळलं. पुढचे ब्रेकचे पाइप फुगत होते, तेही बदलले. मास्टर सिलिंडर काकांनी सांगितलं तसं तपासलं, ठीक आहे. तो खर्च वाचला, बाकी सगळा झाला.

स्कॅनरवरही पुढचं उजवं चाकच आलं. सेन्सर काढला तर टोकाला काळी दाढी आली होती, अर्धी माती, अर्धा चुरा. साफ केला, दिवा गेला आणि गुरगुरही गेली.

काल धारणीहून वीस पोती आणली. घटांगला उतार लागायच्या आधीच दुसरा टाकला. मागून दोन जीपवाल्यांनी हॉर्न वाजवून डोकं उठवलं, जाऊ दिलं त्यांना. खाली आल्यावर थांबून चारही रिंगांजवळ हात नेला, लावला नाही. पुढच्या गरम होत्या, पण वास नाही. आणि पहिल्यांदाच मागच्या ड्रमजवळही ऊब लागली.

एकच शंका उरली आहे काका. वीसच पोत्यांत गाडी मागून चांगली चार बोटं खाली दिसते. बाजारात सगळे चिडवतात, गाडी बसली म्हणून. काही चुकलंय का?


आगारातला_काका

नाही. बसू द्या तिला.